पापाचे वाटेकरी : अल कपोनच्या चरित्रावरून

वाल्या कोळ्याची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. नारदाच्या सांगण्यावरून तो घरी गेला आणि बायकामुलांना विचारता झाला, 'माझ्या पापाचे तुम्ही वाटेकरी आहात काय?' लुटीच्या अन्नावर पोसलेल्या त्या कुटुंबाने पापाचा वाटा मात्र साफ नाकारला. अमेरिकेतील शिकागो शहराचा कुप्रसिद्ध गुंड अल कपोन याचे चरित्र वाचताना आम्हांस या कथेची वारंवार आठवण होते. फरक इतकाच की, येथे कुटुंबाच्या जागी एक अख्खे शहर आहे.

कपोनचा जन्म १७ जानेवारी १८९९ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, नेपल्सकडून आलेल्या एका गरीब इटालियन कुटुंबात झाला. बाप न्हाव्याचा व्यवसाय करी. सुमारे चौदाव्या वर्षी शिक्षिकेवर हात टाकल्यामुळे मुलाची शाळा कायमची सुटली. पुढे गल्लीतील टोळ्या, मग एका मद्यालयात नोकरी, आणि तेथील भांडणात गालावर झालेले वार. त्या व्रणांवरून वृत्तपत्रांनी त्याला 'स्कारफेस' हे नाव दिले. त्याला स्वतःला ते मुळीच आवडत नसे.

एवढ्यावर तो ब्रुकलिनमधला एक किरकोळ दांडगा म्हणूनच राहता. परंतु १७ जानेवारी १९२० रोजी, म्हणजे नेमक्या त्याच्या एकविसाव्या वाढदिवशी, अमेरिकेत दारूबंदी अंमलात आली. त्याच सुमारास जॉनी टोरिओ या त्याच्या जुन्या वस्तादाने त्याला शिकागोस बोलावून घेतले. कायद्याने दुकाने बंद झाली. लोकांची तहान बंद झाली नाही. चोरट्या भट्ट्या, रात्रीची वाहतूक, छुपे गुत्ते आणि या सर्वांवर पांघरूण घालण्यासाठी पोलिसांना व पुढाऱ्यांना हप्ते, अशी ही व्यवस्था होती. १९२५ साली टोरिओवर गोळीबार झाला. जिवावरचे संकट टळताच त्याने सारा धंदा कपोनच्या हाती सोपवून शहर सोडले. त्या वेळी कपोन अवघा सव्वीस वर्षांचा होता.

लोकांना जे हवे ते आपण पुरवितो, असे तो वार्ताहरांना सांगे. मंदीच्या काळात त्याने बेकारांसाठी अन्नछत्रही उघडले. त्याचे हे समर्थन निम्मे खरे होते, आणि म्हणूनच ते अधिक घातक होते. उरलेले निम्मे १४ फेब्रुवारी १९२९ रोजी उघडे पडले. नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवरील एका मोटारखान्यात सात माणसांना भिंतीशी उभे करून बंदुकांनी भाजून काढण्यात आले. मारेकऱ्यांपैकी काही पोलिसांच्या वेषात होते. मृतांमध्ये प्रतिस्पर्धी टोळीतील माणसांबरोबर मोटारी दुरुस्त करणारा एक कामगारही होता. संशय कपोनच्या टोळीवर आला. तो स्वतः मात्र त्या दिवशी फ्लॉरिडात होता. या हत्येबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.

त्याला अखेर गाठले ते हिशेबाच्या वहीने. बेकायदेशीर उत्पन्नावरही प्राप्तिकर द्यावा लागतो, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली दिला होता. फ्रँक विल्सन या कर-अधिकाऱ्याला जुन्या छाप्यात जप्त झालेल्या जुगारअड्ड्याच्या वह्या सापडल्या. हस्ताक्षरावरून त्याने त्या लिहिणाऱ्या कारकुनाचा माग काढला. पंच फितविले जात असल्याची कुणकुण लागताच न्यायाधीशांनी सगळे पंचमंडळच बदलले. ऑक्टोबर १९३१ मध्ये कपोनला अकरा वर्षांचा कारावास आणि ५०,००० डॉलर दंड झाला. अल्कात्राझच्या तुरुंगात उपदंशाने त्याची बुद्धी ढासळत गेली. १९३९ मध्ये तो सुटला आणि २५ जानेवारी १९४७ रोजी फ्लॉरिडात मरण पावला. दारूबंदी त्यापूर्वीच, १९३३ च्या डिसेंबरात, उठली होती.

परिस्थितीने त्याला घडविले, असे म्हणून काही वाचक त्याला दोषमुक्त करू पाहतात. त्यांनी त्याच्या थोरल्या भावाकडे पाहावे. त्याच घरात जन्मलेला हा भाऊ लहानपणीच घर सोडून गेला आणि नाव बदलून नेब्रास्कात दारूबंदीचाच अधिकारी झाला! परिस्थिती वाट दाखविते. चालणारे पाय आपलेच असतात.

आमच्या शिक्षकबंधूंच्या वर्गांत कपोन आज चित्रपटांतून आलेला असतो. झोकदार टोपी, तोंडात चिरूट, भोवती दरारा. विद्यार्थ्यांस त्याची गोष्ट सांगण्यास आमची हरकत नाही. मात्र ती पुरी सांगावी. त्या मोटारखान्यातील कामगार तीत यावा, वह्या चाळणारा तो कर-अधिकारी यावा, आणि रात्री चोरून पेला उचलून सकाळी गुंडगिरीच्या नावाने बोटे मोडणारा सभ्य नागरिकही यावा. वाल्याच्या कुटुंबाने दिलेले उत्तर आपण निमूटपणे ऐकून घेतो. शिकागोच्या नागरिकांचे तेच उत्तर ग्राह्य मानावे काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तरच या चरित्राच्या वाचनाचे सार्थक झाले, असे आम्ही समजतो.