टर्बोचार्ज इंजिनातील अंतर्गत बदल

टर्बोचार्जर असलेल्या मोटारीच्या इंजिनातील मूळचे पिस्टन, कनेक्टिंग रॉड, कॅमशाफ्ट, झडपा इत्यादी भाग काढून त्यांच्या जागी वेगळ्या घडणीचे भाग बसवणे, यास इंजिनातील अंतर्गत बदल म्हणतात. मोटार शर्यतींत आणि हौशी मोटारधारकांत ही पद्धत रूढ आहे. अशा बदलांनी इंजिनाची शक्ती वाढते हा समज अर्धाच खरा आहे. यांतील बहुतेक बदल स्वतः शक्ती निर्माण करीत नाहीत. वाढीव दाब सोसण्याचे बळ तेवढे देतात.

शक्तीचा उगम

ठरावीक हवेत ठरावीकच इंधन जळू शकते. म्हणून इंजिनात दर सेकंदाला किती वस्तुमानाची हवा शिरते यावर त्याची शक्ती मुख्यतः अवलंबून असते. निकास वायूंनी टर्बाइन फिरवून तिच्या जोरावर हवा सिलिंडरांत दाबून भरण्याच्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली घेतले.

वातावरणाचा दाब सुमारे १ बार असतो. टर्बोचार्जरने त्यात ०.७ बारची भर घातली तर एकूण दाब १.७ बार होतो आणि १.२ बारची घातली तर २.२ बार. दाबलेली हवा पुन्हा तितकीच थंड केली, असे धरल्यास ही सुमारे २९ टक्के वाढ झाली. याउलट पिस्टन बदलून संपीडन गुणोत्तर ८.५ वरून १० केले, तर ऑटो चक्राच्या आदर्श सूत्रानुसार कार्यक्षमता ५७.५ वरून ६०.२ टक्क्यांवर जाते. म्हणजे शक्तीत जेमतेम ५ टक्के भर पडते. शिवाय गुणोत्तर वाढले की मिश्रण अधिक तापते आणि ज्योत पोहोचण्याआधीच त्याचा उरलेला भाग आपोआप पेटण्याचा संभव वाढतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. ते चालू राहिल्यास पिस्टनच्या कडा तुटतात, प्रसंगी त्याला भोकही पडते.

भागांचे कार्य

ओतीव पिस्टनापेक्षा घडीव पिस्टन चिवट असतो, पण त्याच्या काही मिश्रधातू उष्णतेने अधिक प्रसरण पावतात. म्हणून सिलिंडरात त्याला जास्त मोकळीक ठेवावी लागते आणि थंड इंजिनात त्याचा खडखडाट ऐकू येतो. पिस्टनच्या कड्यांची टोकेही अधिक अंतरावर ठेवतात; नाहीतर तापल्यावर ती एकमेकांना भिडून पिस्टन फुटतो. ही बाब क्षुल्लक वाटते, परंतु महागडी इंजिने तिच्यापायी निकामी होतात.

कनेक्टिंग रॉडवर दोन प्रकारचे भार येतात. ज्वलनाचा दाब त्याला चेपतो, तर वेगामुळे येणारा जडत्वाचा भार त्याला ताणतो. दुसरा भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६,००० ऐवजी ७,००० फेरे घेतल्यास तो सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक होतो. कमी फेऱ्यांत भरपूर दाब देणाऱ्या टर्बो इंजिनात मात्र रॉड वाकण्याचा धोका मोठा असतो.

कॅमशाफ्ट आणि झडपांची वाट रुंद करणे हे प्रत्यक्ष शक्ती वाढवणारे बदल होत, कारण ते हवेचा मार्ग मोकळा करतात. तथापि टर्बाइनमुळे निकास मार्गात दाब साचलेला असतो. दोन्ही झडपा एकाच वेळी फार काळ उघड्या राहिल्या तर जळालेला वायू उलट सिलिंडरात येतो; म्हणून टर्बोविरहित शर्यतींसाठीचा कॅमशाफ्ट येथे सहसा उपयोगी पडत नाही. झडपांच्या स्प्रिंगाही कणखर लागतात. ३५ मिमी व्यासाच्या आदान झडपेवर १.५ बारचा वाढीव दाब सुमारे १५ किलोग्रॅम वजनाइतका रेटा देऊन ती उघडू पाहतो.

उदाहरण

टोयोटाच्या सुप्रा मोटारीतील २जेझेड-जीटीई हे २,९९७ घनसेंमीचे सहा सिलिंडरी इंजिन या संदर्भात प्रसिद्ध आहे. त्याचा ठोकळा ओतीव लोखंडाचा, क्रँकशाफ्टला सात मुख्य बेअरिंगे आणि संपीडन गुणोत्तर ८.५. जपानमध्ये उत्पादकांच्या आपसांतील संकेतामुळे त्याची शक्ती २८० पीएस दाखवली जाई. अमेरिकेत ती ३२० अश्वशक्ती होती. ही तफावत प्रामुख्याने निराळे टर्बोचार्जर, मोठे इंधन फवारक आणि कॅमशाफ्ट यांतून आलेली होती. ठोकळा दोन्हीकडे तोच होता.