डोळ्यांत पाणी, तरीही डोळे कोरडे!

कोलकात्याची हवा इतकी दमट, की पावसाळ्यात दोरीवर घातलेले कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. अशा शहरात एखाद्याचे डोळे कोरडे पडतात असे सांगितले, तर पटकन विश्वास बसणार नाही. पण बऊबाजारातील सोनारांच्या पेढ्या, मेटियाबुरुजचे शिलाईचे कारखाने आणि सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचमधील वातानुकूलित संगणक कचेऱ्या पाहा. बाहेर कितीही दमट असले, तरी डोळे कोरडे पडण्याची कारणे या तिन्ही ठिकाणी हजर असतात.

कोलकात्यात मराठी गलाई कारागीरही आहेत. सांगली जिल्ह्याच्या खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतील ही मंडळी सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. लहानशी खोली, पेटलेली भट्टी, मुशीतल्या धातूवर खिळलेली नजर आणि तेजाबाच्या वाफा असे हे काम. संध्याकाळी डोळ्यांची आग होते, लाली येते आणि रस्त्यावर वारा लागताच डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागते. घरची माणसे म्हणतात, ‘एवढे पाणी येते, मग कोरडेपणा कसला?’ फसगत होते ती नेमकी इथेच.

अश्रूंचे तीन घटक

डोळ्यावर सतत अश्रूंचा एक पातळ थर असतो. त्यात तीन घटक असतात. बुबुळाला चिकटून राहणारा श्लेष्मा, अश्रुग्रंथींतून येणारे पाणी आणि सर्वांत वर तेलाचा अतिशय पातळ थर. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येते. जर्मन वैद्य हाइनरिख माइबोम यांनी १६६६ साली या ग्रंथींचे वर्णन केले, म्हणून त्यांना माइबोमियन ग्रंथी म्हणतात.

तेल कमी पडले, की खालचे पाणी भराभर उडून जाते. उघडे पडलेले बुबुळ चुरचुरते आणि मेंदूला तसा इशारा मिळताच अश्रुग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडतात. पण हे पाणी डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळून जाते. म्हणूनच डोळ्यांतून पाणी येणे हेसुद्धा कोरडेपणाचे लक्षण असू शकते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, दिवसअखेर थकवा येणे आणि वाचताना मध्येच धूसर दिसून पापणी मिटल्यावर पुन्हा स्पष्ट दिसणे, ही आणखी काही लक्षणे.

कारणे अनेक

माणूस एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. संगणक, मोबाइल, सुई किंवा बारीक नक्षीकाम यांवर नजर लागली, की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. त्यात पंख्याचा किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत तोंडावर असेल, तर अश्रू आणखी लवकर उडतात. हिवाळ्यात कोलकात्याची हवा कोरडी होते, धूर आणि धूळ खाली साचून राहते आणि त्रास वाढतो.

वय वाढले, की अश्रू कमी होतात. पाळी बंद होण्याच्या सुमारास अनेक स्त्रियांना हा त्रास सुरू होतो. मधुमेह, थायरॉइडचे विकार, संधिवात, कॉन्टॅक्ट लेन्स आणि चष्म्याचा नंबर घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया ही देखील कारणे आहेत. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या आणि नैराश्यावरील काही गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात.

डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर विशेष लक्ष द्या. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ साली अशा १९ स्त्रियांची माहिती आपल्या प्रबंधात मांडली. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळ ग्रंथींवर हल्ला करते. लहान मुलाचे डोळे कोरडे, निस्तेज दिसत असतील आणि त्याला संधिप्रकाशात कमी दिसत असेल, तर ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. त्याला त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.

तपासणी सोपी आहे

शिर्मर चाचणीत टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटे अडकवतात. ती पाच मिलिमीटरपेक्षा कमी भिजली, तर अश्रूंचे पाणी फारच कमी आहे असे समजतात. जर्मन डॉक्टर ओटो शिर्मर यांनी १९०३ साली सांगितलेली ही चाचणी आजही वापरात आहे. दुसऱ्या तपासणीत डोळ्यात रंग घालून अश्रूंचा थर किती वेळात फुटतो ते पाहतात. दहा सेकंदांच्या आत फुटला, तर तो थर टिकाऊ नाही. कोलकात्यात मेडिकल कॉलेजच्या आवारातील सरकारी प्रादेशिक नेत्रसंस्थेत नेत्रविकारांवर उपचार होतात. जाताना चालू असलेल्या सर्व औषधांची यादी जवळ ठेवा.

दुकानातल्या थेंबांपासून सावध

खरा धोका आहे तो इथे. लाली घालवण्यासाठी अनेक जण औषधाच्या दुकानातून मिळेल ते थेंब आणतात. त्यात स्टिरॉइड असेल, तर दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र होतात, रुग्ण खूश होतो आणि तीच बाटली महिनोन्महिने चालू ठेवतो. दरम्यान डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. तो दुखत नाही, कळतही नाही आणि त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर येतो. काही वेळा डॉक्टर स्वतः थोड्या दिवसांसाठी स्टिरॉइड देतात, पण ते त्यांच्या देखरेखीखालीच घ्यावे. गुलाबपाणी, मध किंवा लिंबाचा रस डोळ्यात घालू नये.

कृत्रिम अश्रूंचे थेंब हा पहिला उपाय. ते दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर परिरक्षक द्रव्य नसलेले थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत. बाटलीचे टोक डोळ्याला लावू नये, एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये आणि उघडलेली बाटली तिच्यावर लिहिलेल्या मुदतीत टाकून द्यावी.

तेलग्रंथी तुंबल्या असतील, तर मिटलेल्या पापण्यांवर सोसवेल इतक्या कोमट पाण्याची घडी पाच ते दहा मिनिटे ठेवावी, मग पापणीच्या कडेकडे हलक्या हाताने मालिश करावे. एक-दोन दिवसांत गुण येत नाही, हे रोज करावे लागते. एवढ्याने भागले नाही, तर सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात. त्यांचा परिणाम दिसायला काही महिने लागतात, म्हणून मध्येच सोडू नयेत. अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांना बारीक बूच बसवण्याचाही उपाय आहे. मात्र माशाच्या तेलाच्या गोळ्यांवर फार विसंबू नका. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात त्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

घरात आणि कामावर

• दर वीस मिनिटांनी नजर दूरवर न्या आणि पापण्या पूर्ण मिटून उघडा.
• संगणकाचा पडदा डोळ्यांच्या पातळीच्या थोडा खाली ठेवा.
• पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नका.
• भट्टीजवळ बाजूने बंद असलेला संरक्षक चष्मा वापरा आणि खोलीतील वाफ बाहेर जाऊ द्या.
• तेजाब डोळ्यात उडाले, तर लगेच स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवत राहा, मग थेट रुग्णालय गाठा.
• तीव्र वेदना, उजेड न सोसणे किंवा अचानक कमी दिसणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा.

जुना कोरडेपणा बहुधा मुळापासून जात नाही, मधुमेहासारखा तो सांभाळावा लागतो. पण नीट सांभाळला, तर कारागिराचे काम सुटत नाही, शिलाई करणाऱ्याची सुई थांबत नाही आणि आजीचे रात्रीचे वाचनही चालू राहते. त्यासाठी घरातल्या कोणाच्या डोळ्यांतून विनाकारण पाणी येऊ लागले, तर दुकानातून बाटली आणण्याआधी एकदा डोळे तपासून घ्या.