छायाचित्र, दुष्काळी कामांवरील

छायाचित्र, दुष्काळी कामांवरील : दुष्काळनिवारणाच्या कामांवर राबणाऱ्या मजुरांचे कृष्णधवल छायाचित्र हे सामाजिक इतिहासाचे एक साधन होय, परंतु तो स्वयंसिद्ध पुरावा नव्हे. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या अवर्षणप्रवण तालुक्यांच्या संदर्भात हे विशेष स्पष्ट होते.

१९७२–७३ च्या दुष्काळातील अशा छायाचित्रांचा नमुना परिचित आहे : उघडा माळ, खडी फोडणाऱ्या लुगडे नेसलेल्या स्त्रिया, डोक्यावर पाट्या आणि बाजूस खडीचे ढीग. प्रथमदर्शनी त्यांत केवळ निसर्गाचा कोप व दैन्य दिसते. तपशील मात्र निराळे काही सांगतात. ढीग नेटके रचलेले असतात, कारण मजुरी मोजमापावर ठरे. मुकादमाच्या हातातील वही म्हणजे हजेरीपट असतो. मे १९७३ मध्ये राज्यात या कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. त्यांत भूमिहीनांबरोबर जमीनधारक शेतकऱ्यांची कुटुंबेही होती. म्हणून केवळ वेशावरून मजुराचा सामाजिक दर्जा ठरविणे धोक्याचे असते.

चौकटीबाहेर राहिलेले अधिक महत्त्वाचे. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात झालेला नीरा डावा कालवा याच दोन तालुक्यांतून वाहतो. त्याच्या पाण्यावर ऊस पिकला. वालचंदनगर व भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. जिरायत गावांच्या वाट्याला मात्र सरासरी ५० सेंमी.च्या आसपासचा, तोही बेभरवशाचा पाऊस. माळावर रोखलेल्या कॅमेऱ्यात बागायतीचा पट्टा येत नाही आणि विषम पाणीवाटपाचा परिणाम केवळ अवर्षणाचा भासतो.

हा दोष जुनाच आहे. १८७६–७८ च्याच दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर याने मद्रास इलाख्यात काढलेल्या छायाचित्रांत उपासमारीने खंगलेली माणसे कॅमेऱ्यापुढे मांडून बसविलेली दिसतात. त्यांचे श्रम व हक्क यांस तेथे स्थान नाही. दुष्काळी कामांवरील स्त्री निदान काम करताना दिसते.

रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्यानंतर हीच छायाचित्रे कामाच्या हक्काची प्रतीके म्हणून वापरली जाऊ लागणे स्वाभाविक होते. तथापि पुढील कायद्याचा अर्थ १९७३ मधील चेहऱ्यावर लादणे, हीही चूकच. त्या आठवड्यात तिला किती मजुरी मिळाली व ती केव्हा हाती पडली, हे छायाचित्रातून कळत नाही; त्यासाठी हजेरीपटच पाहावा लागतो.