व्यापाराचे दप्तर आणि त्याची दूरची प्रत

मराठ्यांच्या राज्यात एखाद्यास वतनाची किंवा इनामाची सनद मिळाली, म्हणजे ती गावच्या मोकदमास आणि परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांस दाखविली जाई. त्या अधिकाऱ्यांस आज्ञा अशी असे की, सनदेची तालीक, म्हणजे नक्कल, लिहून घेऊन आपल्या दप्तरी ठेवावी आणि अस्सल पत्र धन्यास भोगवट्यासाठी परत द्यावे. पुढे वतनदाराचे घर जळाले, तरी त्या तालिकेवरून निवाडा करता येई. तालीक राहत असे ती वेगळ्या माणसाच्या ताब्यात आणि वेगळ्या ठिकाणी. व्यापारी संस्थांसाठी आज ज्या ‘ऑनलाइन बॅकअप’ सेवा निघाल्या आहेत, त्यांचे मर्म ह्या जुन्या रीतीत बहुतेक सारे आलेले आहे.

आजच्या मध्यम प्रतीच्या पेढीकडे पाहा. रोजमेळ, खतावणी, येणे-देणे, मालाचा साठा, नोकरांचे पगार, कराची विवरणपत्रे, हे सर्व एका संगणकात असते, आणि तो संगणक पुष्कळदा गल्ल्यामागच्या फळीवर असतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहराच्या मोठ्या भागात तळमजले पाण्याखाली गेले. भिजलेली वही वाळवून तिची काही पाने तरी लावता येतात. संगणकाची हार्डडिस्क बिघडली की तीत काय होते हे बाहेरून पाहणाऱ्यास काहीच कळत नाही. मग कोणाकडून किती येणे आहे, हे ठरविण्यास ऋणकोच्या सचोटीखेरीज दुसरे साधन उरत नाही.

ह्या सेवांचे काम कसे चालते, ते थोडक्यात असे. पेढीच्या संगणकावर एक लहानशी आज्ञावली बसविली जाते. ती प्रथम सर्व माहितीची एक संपूर्ण प्रत इंटरनेटवरून सेवा देणाऱ्या कंपनीच्या दूरच्या संगणककेंद्रात पाठविते. त्यानंतर दररोज, किंवा ठरविले असल्यास दर तासाला, जेवढा भाग बदलला तेवढाच पाठविला जातो. माहिती पेढीबाहेर पडण्यापूर्वी कूटबद्ध केली जाते, म्हणजे किल्लीवाचून ती कोणास वाचता येत नाही. शिवाय जुन्या प्रतीवर नवी प्रत चढविली जात नाही. कालची, परवाची, गेल्या महिन्याची अशा अनेक तारखांच्या प्रती ठरलेल्या मुदतीपर्यंत जपल्या जातात.

ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि नेमकी तिच्याचविषयी गैरसमज फार. पुष्कळ मंडळी आपल्या फायली दोन ठिकाणी सतत सारख्या ठेवणारी सोय वापरतात आणि तिलाच बॅकअप म्हणतात. ती सोय आरशासारखी असते. इकडे खाते पुसले गेले की तिकडेही ते पुसले जाते, आणि इकडे विष शिरले की तिकडेही शिरते. आरशातले प्रतिबिंब पुरावा म्हणून कोणी दप्तरी लावीत नाही.

ह्याचे जगाने पाहिलेले उदाहरण मर्स्क ह्या डेन्मार्कच्या जहाज कंपनीचे आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाची घातक आज्ञावली युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून पसरली आणि काही तासांत ह्या कंपनीच्या जगभरच्या संगणकांत शिरली. तिने वरवर खंडणी मागितली, परंतु खंडणी भरूनही माहिती परत मिळण्याची सोय तीत नव्हती. तिचा धंदा नाशाचा होता. आपल्याकडे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात ह्याच समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. कंपनीच्या जाळ्यात कोणास कोठे प्रवेश आहे ह्याची नोंद ठेवणारे सुमारे १५० सर्व्हर होते. ते एकमेकांशी सतत जुळवून घेत असत, म्हणून त्यांपैकी कोणताही एक बाकीच्यांची प्रत म्हणून उपयोगी पडेल, असा हिशेब होता. सगळेच एका वेळी नष्ट होतील, ही शक्यता मात्र कोणी गृहीत धरली नव्हती. शोध घेता घेता एकच सर्व्हर शाबूत सापडला, तो आफ्रिकेतील घाना देशात. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली असल्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता! आपल्याकडे वीजमंडळाच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी ही नोंद जरूर करून ठेवावी.

पुढची कथाही उद्बोधक आहे. ती माहिती इंग्लंडमधील मेडनहेड येथे हवी होती, परंतु घानातील इंटरनेटचा वेग इतका कमी होता की ती पाठविण्यास कित्येक दिवस लागले असते. तेथील कर्मचाऱ्यांपाशी ब्रिटनचा व्हिसाही नव्हता. तेव्हा एकजण हार्डडिस्क घेऊन विमानाने नायजेरियात गेला. तेथील विमानतळावर ती त्याने दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती दिली, आणि तो ती घेऊन लंडनला उतरला. नंतरच्या दहा दिवसांत कंपनीने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरांच्या घरात गेले. एवढ्या बलाढ्य संस्थेस हा फटका सोसला. चाळीस माणसांच्या कारखान्यास तो सोसेल काय?

आपल्या दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी असाच हल्ला झाला. पाच सर्व्हरमधील सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कूटबद्ध करून टाकली आणि रुग्णांच्या नोंदी हाताने कागदावर कराव्या लागल्या. तेथे एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यापासून वाचला होता. त्यावरून रुग्णालयाची माहिती नव्या सर्व्हरवर आणण्यात आली, आणि सुमारे दोन आठवड्यांनी बहुतेक व्यवहार पूर्ववत झाले. प्रत होती म्हणून दोनच आठवडे लागले. अलीकडे चांगल्या सेवा प्रतींवर असे कुलूप घालून देतात की, ठरलेल्या मुदतीपर्यंत त्या कोणासही पुसता येत नाहीत. खुद्द मालकाचा परवलीचा शब्द चोराच्या हाती पडला तरीही नाहीत.

आता अंतराविषयी. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएचक्लाउड ह्या कंपनीच्या संगणककेंद्रास आग लागली व एक अख्खी इमारत जळाली. बॅकअपचे पैसे भरणाऱ्या काही ग्राहकांच्या प्रतीही त्याच आवारात होत्या, हे त्यांस आग विझल्यावर समजले. दक्षिण कोरियात तर २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन येथील सरकारी केंद्रास आग लागून शासकीय कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइट माहिती गेली. तिची बाहेर कोठेही प्रत नव्हती, आणि कारण असे देण्यात आले की माहितीचा व्याप फार मोठा होता. शासनात नोकरी करणाऱ्या माणसास हे कारण ऐकून हसू येत नाही. असे शेरे फायलींवर कसे उमटतात, हे त्यास ठाऊक असते.

सेवा घेताना मासिक दराची चौकशी सर्वजण करतात. त्याआधी पेढीने स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. किती वेळाचे काम गमावणे आपणांस परवडेल? आणि किती वेळात दुकान पुन्हा चालू झाले पाहिजे? पहिल्यावरून प्रती किती वेळा घ्यावयाच्या ते ठरते. दुसऱ्याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. दोन टेराबाइट माहिती सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने परत आणावयाची, तर तार क्षणभरही न अडखळता सुमारे ४४ तास लागतात. ह्यासाठीच काही कंपन्या गरजेच्या वेळी डिस्क भरून कुरियरने पाठवितात, आणि शहाणे व्यापारी दूरच्या प्रतीबरोबर एक जवळची प्रतही ठेवतात.

परंतु परत आणण्याची तालीम फारच थोडे करतात. गिटलॅब ह्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याच्या हातून चालू माहितीकोशच पुसला गेला. बॅकअपच्या अनेक पद्धती होत्या. नित्याची प्रत शोधू गेले, तर ठेवण्याची जागा रिकामी! आज्ञावलीच्या आवृत्त्या जुळत नसल्यामुळे ती प्रत निघतच नव्हती, आणि तसे कळविणारी पत्रे पोहोचत नव्हती. दुसऱ्या कामासाठी सहा तास आधी कोणी एक प्रत घेतली होती, म्हणून कंपनी तरली. तीन महिन्यांतून एकदा तरी, जुन्या संगणकास हात न लावता, एखादे खाते दूरच्या प्रतीवरून दुसऱ्या यंत्रावर उभे करून पाहणे हे काम कारकुनाच्या नेमणुकीत लिहून टाकले पाहिजे.

कायद्याचेही येथे म्हणणे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांत दुरुस्ती झाली. तीनुसार कंपनीने इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांची प्रत भारतात असलेल्या सर्व्हरवर दररोज ठेवली पाहिजे. पूर्वी तेथे ‘नियतकालिक’ असा सैल शब्द होता. भागीदारीच्या पेढीस वा एकट्या दुकानदारास हा नियम लागू नाही. त्यांनी तो आपणहून पाळण्यास कोणाची हरकत नसावी.

राहता राहिली किल्ली. माहिती कूटबद्ध करणारी किल्ली केवळ ग्राहकापाशीच राहील, अशी सोय काही सेवांत असते आणि गुप्ततेच्या दृष्टीने ती उत्तम आहे. मात्र ती हरवली तर सेवा देणारी कंपनीही माहिती उघडून देऊ शकत नाही. ती किल्ली त्याच संगणकात टिपून ठेवलेली असली, तर संगणकाबरोबर तीही जाते. म्हणून ती कागदावर लिहून, लिफाफा मोहोरबंद करून, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी, आणि लॉकर कोठे आहे हे दुसऱ्या भागीदारासही सांगून ठेवावे.