जीन काढल्यावरही जिवाणू मजेत वाढतो, तेव्हा?

लोणार सरोवराच्या पाण्याचा पीएच साधारण 10 च्या आसपास असतो आणि तरीही त्यात जिवाणू सुखाने नांदतात. असं का, हे विचारलं की आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'अँटिपोर्टर'. उत्तर बरोबरच आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं पेशीभित्तिकेत आहे, आणि मुलाखतीत किंवा सेमिनारला लोक अडकतात ते तिथेच.

आधी अडचण समजून घेऊ. बॅसिलस स्यूडोफर्मस ओएफ4 हा या विषयातला लाडका स्ट्रेन. बाहेर पीएच 10.5 असताना तो पेशीच्या आतला पीएच 8.3 च्या जवळपास राखतो. फरक फक्त दोन-सव्वादोन वाटतो ना? पण पीएच लॉग स्केलवर असतो. म्हणजे आत बाहेरच्यापेक्षा शंभर-दीडशे पट जास्त प्रोटॉन. ते आत खेचायचं काम सोडियम-प्रोटॉन अँटिपोर्टर करतात: सोडियम बाहेर, प्रोटॉन आत. यातलं सोडियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता भिंत. जपानमध्ये होरिकोशी यांच्या गटाने अभ्यासलेल्या बॅसिलस हॅलोड्युरन्स सी-125 च्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकनशिवाय आम्लधर्मी पॉलिमर सापडले: टायक्युरॉनिक ॲसिड आणि टायक्युरोनोपेप्टाइड. ते नसलेले म्युटंट अल्कधर्मी माध्यमात नीट वाढत नाहीत. ओएफ4 मध्ये साधारण तसंच काम एक प्रोटीन करतं, एसएलपीए. ते पेशीभोवती एस-लेयर नावाचं आवरण तयार करतं.

या प्रोटीनमध्ये आम्लधर्मी अमिनो आम्लं भरपूर आणि लायसिनसारखी अल्कधर्मी कमी. याला कारण आहे. लायसिनचा पीकेए 10.5 च्या आसपास, म्हणजे त्या पीएचला निम्म्या लायसिनचा धन प्रभार गेलेलाच असतो. ग्लुटामेटचा ऋण प्रभार मात्र टिकून राहतो. असा ऋण प्रभारित थर हायड्रॉक्साइडला दूर ढकलत असावा आणि सोडियम व प्रोटॉन पृष्ठभागाजवळ धरून ठेवत असावा, अशी मांडणी केली जाते. 'असावा' हा शब्द मुद्दाम वापरलाय. पाठ्यपुस्तकात तो गळून पडतो.

खरी गंमत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहे. क्रुलविच यांच्या गटाने एसएलपीएचा जीन निकामी केला. पीएच 7.5 ला काय झालं असेल? म्युटंट मूळ स्ट्रेनपेक्षा चांगला वाढला! फक्त एवढंच तपासलं असतं तर 'हे प्रोटीन निरुपयोगी' असा निष्कर्ष निघाला असता. पीएच 11 ला, त्यातही सोडियम कमी असताना, म्युटंट मागे पडला. म्हणजे आवरणाची किंमत आहे. गरज नसतानाही ओएफ4 ती मोजत राहतो, कारण 7.5 ला सुद्धा तो हे प्रोटीन बनवतोच. पीएच अचानक चढला तर तयारी आधीच झालेली. (पावसाळा नसताना छत्री बाळगणारे लोक आठवतात मला.)

असा प्रयोग तुम्ही आखायला घेतलात तर एक खड्डा सांगून ठेवतो. अल्कप्रेमी जिवाणूंसाठी आपण सहसा होरिकोशी माध्यम घेतो, ज्यात 1 टक्का सोडियम कार्बोनेट वेगळं ऑटोक्लेव्ह करून घालतात. हिशोब करा: लिटरमागे 10 ग्रॅम, रेणुभार 106, प्रत्येक रेणूत दोन सोडियम. म्हणजे जवळजवळ 190 मिलीमोलर सोडियम फक्त बफरमधून आलं. एवढ्या सोडियममध्ये कमी सोडियमला दिसणारा फरक कसा दिसणार? म्युटंट आणि मूळ स्ट्रेनचे वक्र एकमेकांवर बसले, तर दोष जीनचा नसून माध्यमाचा असू शकतो. पीएच चढवायला पोटॅशियम कार्बोनेट वापरा आणि सोडियम मोजून वेगळं घाला. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि पेप्टोनमधूनही थोडं सोडियम येतंच, तेही हिशोबात धरा. शिवाय वाढ होताना जिवाणू आम्ल सोडतात आणि पीएच उतरतो, म्हणून तो फक्त सुरुवातीला मोजून भागत नाही, दर सॅम्पलला ओडीसोबत मोजावा लागतो.