खंड्याचा तंबूतील मुक्काम

इंदूरला रामबागेतील आमच्या गल्लीत कुत्र्याला कोणी बांधून ठेवल्याचे आम्हांस आठवत नाही. कुत्रा सर्वांचाच, सकाळी एका घरची पोळी, रात्री दुसऱ्या घरचा भात आणि दुपारी कोणाच्याही ओट्यावर झोप. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे मुलाकडे गेलो, तेव्हा त्यांच्या बारा वर्षांच्या खंड्याला दोरीवाचून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नाही, हे पाहून आमचा जीव हळहळला. सूनबाईंना बोलूनही दाखविले. त्या हसल्या, एवढेच.

जूनमध्ये तीन दिवस रानात तंबू ठोकून राहावयाचे ठरले आणि खंड्याचा प्रश्न उभा राहिला. पैसे घेऊन कुत्री सांभाळणाऱ्यांकडे ठेवावे, तर तेथे तो अन्न सोडतो. योसेमिटीला न्यावे, तर त्या राष्ट्रीय उद्यानात कुत्र्याला तंबूच्या जागी आणि फरसबंद वाटांवर तेवढी मोकळीक, रानवाटांवर मज्जाव. राज्याच्या उद्यानांतही बहुधा हाच प्रकार. कुत्र्याचा नुसता वास राहिला तरी हरणे बिचकतात, असे त्याचे एक कारण सांगतात व ते पटण्याजोगे आहे. अखेर मुलाने काउंटीच्या उद्यानाचे नाव काढले.

काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्हाच म्हणा ना! सांता क्लारा काउंटीने आपले पहिले उद्यान १९२४ साली घेतले आणि १९७२ साली तेथील मतदारांनी मालमत्ता कराचा काही वाटा केवळ उद्यानांसाठी राखून ठेवण्यास कौल दिला. आसपासच्या रहिवाशांनी आपल्याच पैशाने राखलेली ही राने. त्यामुळे रोजच्या कुटुंबाचा, म्हणजे कुत्र्याचाही, विचार तेथे अधिक झालेला दिसतो. मात्र प्रत्येक उद्यानाचा नियम निराळा असतो. कोठे साऱ्या वाटा खुल्या, कोठे तंबूपाशीच थांबावे लागते. निघण्यापूर्वी तो पाहून घेणे इष्ट.

आम्ही गेलो ते माउंट मॅडोनास. लसणासाठी प्रसिद्ध असलेले गिलरॉय आणि वॉटसनव्हिल या दोन गावांच्या मधील हा सुमारे १९०० फूट उंचीचा डोंगर. हेन्री मिलर या जर्मनीहून आलेल्या खाटकाने पुढे अफाट गुरे व जमीन मिळविली. त्याचे उन्हाळी घर येथे होते, त्याचे भग्न अवशेष आजही दिसतात. पश्चिमेकडे रेडवुडची उंच, दाट सावली आणि पूर्वेकडे ओक वृक्ष व वाळलेले गवत, असा हा दोन तोंडांचा डोंगर आहे. त्याचा हा दुटप्पीपणा पुढे आम्हांस चांगलाच भोवला.

पहिली संध्याकाळ सुरेख गेली. चुलाणावर झुणका शिजत होता. नातीने त्यातला घास खंड्यापुढे धरताच सूनबाईंनी तिचा हात ओढला. कांदा कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नासवितो; द्राक्षे आणि मनुके मूत्रपिंडावर येतात. गल्लीतील कुत्र्यांना आम्ही आयुष्यभर काय काय वाढले, त्याचा हिशेब आमच्या मनात सुरू झाला. वाटेच्या कडेला तीन तीन पानांचे एक झुडूप दिसते, त्याला पॉइझन ओक म्हणतात. आंबा, काजू नि बिब्बा यांच्याच कुळातले हे. बिब्बा उततो तसेच हेही उतते. कुत्र्याला त्याचे सहसा काही होत नाही, पण केसांना लागलेला चीक तो आपल्या अंथरुणात घेऊन येतो.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी खंड्याला घेऊन आम्ही उभयताच पूर्वेच्या उतारावर गेलो. आसपास चिटपाखरू नव्हते. लिहावयास संकोच वाटतो, पण आम्ही दोरी सोडली. म्हातारा खंड्या पिलासारखा गवतात धावला, लोळला. आम्हांस धन्यता वाटली. दहा मिनिटांनी पुन्हा दोरी बांधली आणि तंबूत कोणास काही सांगितले नाही.

रात्री नऊच्या सुमारास तो डोके झटकू लागला. मान एका बाजूस कलती, पंजा कानावर, आणि मधूनच असे विव्हळणे की शेजारच्या तंबूत दिवा लागला. मुलाने विचारले, “गवतात गेला होता का?” तेव्हा सांगावेच लागले.

फॉक्सटेल नावाच्या गवताचे ते कुसळ होते. त्याचे काटे एकाच दिशेला वळलेले असतात. शिरते ते पुढेच जाते, मागे येत नाही. कानातून पडद्यापर्यंत, नाकातून फुप्फुसापर्यंत, बोटांच्या बेचक्यातून मांसात. ओढून काढण्याचा घरगुती उद्योग करू नये. काळोखात घाट उतरून रात्री उघडा असलेला पशुवैद्यांचा दवाखाना गाठला. कुसळ काढण्यासाठी गुंगी देणे भाग होते, आणि खंड्याच्या वयात गुंगीची धास्ती असते, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मुलाने कागदावर सही केली. पुढचा पाऊण तास त्या बाकावर आमच्याशी कोणी बोलले नाही, आणि बोलावे अशी आमची अपेक्षाही नव्हती. डॉक्टरांनी बाहेर येऊन कुसळ दाखविले. ते नखाएवढेही नव्हते.

पहाटे तंबूत परतलो. खंड्या दुपारपर्यंत झोपला.

उद्यानापासून जवळच बाबा हरिदास यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या आश्रमात संकटमोचन हनुमानाचे मंदिर आहे. शेवटच्या दिवशी तेथे पाळीपाळीने गेलो. मोटारीच्या काचा लावून खंड्याला आत ठेवणे शक्यच नव्हते: बाहेर २१ अंश सेल्सिअस असले तरी बंद मोटारीत अर्ध्या तासात सुमारे ४० अंश होतात. असा जीव अडकलेला दिसला आणि दुसरा उपाय नसला, तर पोलिसांना कळवून काच फोडण्याची मुभा कॅलिफोर्नियाच्या कायद्याने २०१७ पासून वाटसरूंनाही दिली आहे. आमची पाळी येईतो आम्ही दोघे झाडाखाली दोरी धरून बसलो.

तंबू गुंडाळण्यापूर्वी सूनबाईंनी एक बारीक फणी आमच्या हाती दिली. खंड्याला आडवे करून आम्ही त्याचे कान, काखा आणि प्रत्येक पंजाची बेचकी पाहिली. गोचीड एकही नव्हती. कुसळे तीन निघाली.