विटा वाहणाऱ्या हातांची चित्रं



तुमच्या शाळेच्या भिंतींवर कोणती चित्रं आहेत? भारताचा नकाशा, मुळाक्षरं, एखादा हसरा ससा, असंच ना? आमच्याही शाळेत तसंच आहे. एकदा चौथीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "गुरुजी, आमच्या घराच्या भिंतीवरची चित्रं इथे का नाहीत?" मला पटकन उत्तर सुचेना. मग मी वर्गाला भुरीबाईंची गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका.

आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला नर्मदा आहे. ती ओलांडून मध्य प्रदेशात गेलं की अलिराजपूर आणि त्याच्या पुढे झाबुआ जिल्हा लागतो. तिथलं पिटोल हे भुरीबाईंचं गाव. त्या भिल्ल समाजातल्या. लहानपणी रंगपेटी कुठली? मातीची भिंत हाच कागद! गेरूचा लाल, वालाच्या पानांचा हिरवा आणि तव्याच्या काजळीचा काळा रंग.

पुढे पोटासाठी त्या भोपाळला आल्या. तिथे भारत भवन या मोठ्या कलाकेंद्राचं बांधकाम चालू होतं. भुरीबाई तिथे मजुरी करायच्या. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी त्यांना विचारलं, की तुमच्याकडे भिंतीवर काय काढतात ते दाखवाल का? भुरीबाईंना काळजी पडली, दिवसाची मजुरी बुडेल! चित्रांचेही पैसे मिळतील असं समजलं, तेव्हा कुठे त्या जमिनीवर बसून चित्रं काढू लागल्या.

13 फेब्रुवारी 1982 रोजी भारत भवन सुरू झालं. तिथे शहरातल्या नामवंत चित्रकारांच्या आणि आदिवासी कलावंतांच्या कलाकृती एकाच छपराखाली मांडल्या गेल्या. इमारत बांधणाऱ्या मजुरांची नावं सहसा कुणालाच ठाऊक नसतात. भुरीबाईंचं नाव मात्र चित्रांमुळे देशभर झालं. पुढे भोपाळच्या जनजातीय संग्रहालयात एका लांबलचक भिंतीवर त्यांनी स्वतःची जीवनकथाच रंगवली. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

भिल्ल चित्रांत प्राण्यांची, झाडांची अंगं ठिपक्यांनी भरतात, अगदी मक्याच्या दाण्यांसारखी! आपल्या महाराष्ट्रातले वारली चित्रकार माणूस काढतात तो दोन त्रिकोणांचा. जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली. प्रत्येकाची तऱ्हा न्यारी!

आपल्या वर्गातही भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, गुजर अशी मुलं एकत्र बसतात ना? मग असं करा. घरी आजीला विचारा, लग्नात, सणाला भिंतीवर, अंगणात काय काढतात? ते वहीत उतरवा. फक्त एक लक्षात ठेवा. पिठोऱ्यासारखी काही चित्रं नवसाची, देवाची असतात. ती नुसती शोभेसाठी काढायची नसतात. आधी जाणत्यांना विचारायचं. आणि चित्राखाली काढणाऱ्याचं नाव लिहायला विसरायचं नाही.

आमच्या व्हरांड्यातली एक भिंत आम्ही मुद्दाम रिकामी ठेवली आहे. पहिला ठिपका ती चौथीतली मुलगी देणार आहे. तुमच्या शाळेत कोण देणार?